कोंडाआत्याने कमिटीला ऐकवलेली नावं

आमच्या विंझरात कोंडाआत्याशी भांडून जिंकलेला एकच प्राणी होऊन गेला आणि तो म्हणजे पाटलांचा बैल, असं लोक अजून सांगतात. साफ खोटं. बैलही हरला. मी दुकानाच्या पायरीवर बसून डोळ्यांनी पाहिलं आहे. आत्या डोक्यावर ताकाचं मडकं घेऊन बोळातून येत होती आणि समोरून बैल. बोळ एका वेळी एकालाच पुरणारा. बैलानं शिंगं खाली घातली. आत्या उभी. बैलानं खूर आपटला. आत्या म्हणाली, "आपट. म्या काय घाईत न्हाई." माझी एक चिलीम ओढून झाली, दुसरी भरत होतो, तेवढ्यात बैल मागच्या पायांनी सरकत सरकत बोळाबाहेर गेला. पाटील आजही म्हणतात की बैलाला तहान लागली होती.

तर ही आमची शेजारीण. जातीनं गवळी धनगर, तोरण्याच्या अंगाला डोंगरावर जो धनगरवाडा आहे तिथली. नवरा गेल्यावर खाली आली आणि माझ्या दुकानाच्या भिंतीला टेकून छप्पर घालून राहिली. वरून मुलगा रायबा म्हशींचं लोणी पाठवायचा, ती ते खाली विकायची. मी तिला आत्या म्हणायचो, ती मला गेनू म्हणायची, आणि राग आला की गेन्या. वर्षातले बरेचसे दिवस मी गेन्याच असायचो. तोंड माझंही काही देवानं शिवून पाठवलेलं नाही. विंझरात कोणाच्या घरी कालवण खारट झालं हे कळायचं असेल तर लोक त्या घरी न जाता माझ्या दुकानात यायचे.

गोष्ट अडतीस सालच्या सुमाराची. तेव्हा एक फिरता दवाखाना आमच्याकडे यायचा. फिरता म्हणजे छपराची बैलगाडी, आत बाटल्यांची पेटी आणि सावळाराम डॉक्टर. डॉक्टर मूळचा भोंगवलीचा, कुणब्याचाच पोर, पुण्यात शिकून आलेला. अंगानं काडी, पण चालायला लागला की घोडं मागं पडेल. गाडी जिथे चढत नसे तिथे तो पायी जायचा, धनगरवाड्यावरसुद्धा. आणि एक विचित्र नाद त्याला. दिसलं पोर की उताणं झोपवायचं आणि डाव्या बरगडीखाली पोट चाचपायचं.

आत्यानं एकदा विचारलंच, "डाक्टर, पोरांची पोटं काय चाचपतुयास? कनसं हायत व्हय, भरलीत का बगायला?"

"पानथरी बघतो, कोंडाबाई," तो म्हणाला. "हिवताप पुन्हा पुन्हा आला की ती सुजते. हाताला लागते. खाली विंझरात क्वचित एखाद्या पोराची लागते. वर तुमच्याकडे न सुजलेलं पोर शोधावं लागतं."

"मग आमची पोरं पोटाळी दिसत्यात ती..."

"ती दूध पिऊन नाही."

रायबाची दोन पोरं अशीच पोटाळी होऊन, अंगात थंडी भरून, आश्विनात गेली होती. तिसऱ्या वेळी सून पारूबाई पोटुशी होती.

डॉक्टरनं दोन हिवाळे डोंगर आणि खोरं पालथं घातलं आणि जे हाताला लागलं ते इंग्रजीत लिहून कमिटीकडे पाठवलं. गाडी कुठल्या गावांना जाणार, हिवतापावरचं औषध कोयनेल कुठे ठेवायचं, हे ठरवणारी ही कमिटी. तिचे अध्यक्ष मानसिंगराव, खालच्या अंगाचे बडे बागाईतदार. डॉक्टरचं मागणं साधं होतं. मृग लागला की ओढे भरतात आणि धनगरवाड्याची वाट तुटते. ताप नेमका त्यानंतर येतो. म्हणून पावसाच्या आधीच कोयनेल वर नेऊन ठेवा.

कमिटीचं उत्तर आलं की आम्ही स्वतः येऊन पाहू. डॉक्टर खूश. आत्या खूश. मीही खूश, कारण कमिटी आली म्हणजे माझा गूळ खपणार.

होळीनंतर कमिटी वर गेली. चढ बघून दोन सभासद वाटेतच आंब्याखाली बसले, ते परत येईपर्यंत तिथेच होते. मानसिंगराव मात्र डोलीतून वर पोचले. आणि वर काय झालं म्हणता? आमच्या धनगरांनी असा पाहुणचार केला की व्याह्याचा होत नाही. आदल्या दिवशी सगळी वस्ती शेणानं सारवली. जी पोरं जरा धड होती त्यांना तेल चोपडून पुढे उभं केलं. जी तापानं फणफणत होती ती म्हशींच्या मागे, घोंगड्याखाली. पाहुण्यांच्या पहिल्या नजरेला रोगट पोर पडू नये, त्याला अजून दृष्ट लागते, हे वरचं लहान पोरही सांगेल. सोनबा म्हणून वस्तीतले वडीलधारे होते. ते हात जोडून पुढे झाले.

"काय सोनबा, पोराबाळांची तब्येत?" मानसिंगरावांनी विचारलं.

"मेंगाईच्या किरपेनं समदं बरं हाय, सरकार."

"पोरं किती आहेत वस्तीत?"

"देवानं दिलीत तेवढी हायत." पोरं मोजत नसतात. मोजली की कमी होतात.

"गेल्या साली कोणी दगावलं?"

सोनबांनी बायकांकडे बघितलं. बायकांनी पदर ओढले. "बरं हाय, सरकार," सोनबा म्हणाले. "तुमी दूद घ्या."

मानसिंगरावांनी दूध घेतलं, वर साय घेतली, दही घेतलं, निघताना लोण्याचा गोळाही घेतला. डॉक्टर मागून कळवळून सांगत होता की गोठ्यात बघा, घोंगडं उचला. पण ढेकर दिलेल्या माणसाला गोठा दिसत नाही.

आठ-दहा दिवसांनी कमिटीचा शेरा आला. डॉक्टरनं तो माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून वाचून दाखवला. वस्ती निरोगी आहे. लोक जातीनं काटक आहेत. पोरांची पोटं मोठी असणे हा त्या जातीचा बांधाच आहे. डोंगरी माणसाला ताप मानवतो. सबब औषधाचा साठा खालच्या गावांत ठेवावा. अखेरचा निर्णय ज्येष्ठात, वेल्ह्याच्या बैठकीत.

"बांधा?" आत्या म्हणाली. "माझ्या दोन नातवांचा बांधा व्हय त्यो?"

त्याच पावली ती डोंगर चढून गेली आणि सोनबांना जे काही बोलली ते वाऱ्यावर खालपर्यंत ऐकू आलं म्हणे. मी थोडं मीठ लावून सांगतो, पण थोडंच. सोनबांचं उत्तर मात्र मला पटलं होतं.

"कोंडे, पाव्हना दारात आला. त्याला काय रडगानं सांगायचं? आन् गेलेल्यांची नावं तोंडातनं काडायची? जी हायत त्यांच्यावर आनतीस का काय?"

"मग वर औशद कसं यील?"

"ते म्या काय सांगू? पर आमच्यातली एक बाई बी तोंड उगडायची न्हाई. तू उगडशील? रायबाच्या पोरांची नावं घे बगू."

आत्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. बैलासमोर न हटणारी बाई तिथे अडली. नावं तिच्याही तोंडून निघेनात.

खाली आली ती मडक्यासारखं तोंड घेऊन. तीन दिवस माझ्याशी भांडली नाही. मला करमेना. चौथ्या दिवशी वरून लोणी घेऊन दगडू, केरू आणि उकिरडा अशी तीन पोरं आली. दुकानात डॉक्टर बसलेला होता. मी आत्याला डिवचायला म्हणालो, "आत्या, तुमच्या वाडीला देवानं माणसं दिली का नुसता केरकचरा? हा दगड, तो केर, हा उकिरडा. तू स्वतः कोंडा. एक झाडू आणून दिला तर सगळी वाडी साफ होईल की."

मला वाटलं आता आत्या माझ्या सात पिढ्या उकरणार. पण ती सावकाश म्हणाली, "गेन्या, तुला ठावं हाय न्हवं आमची नावं अशी का असत्यात?"

ठाऊक होतं. कोणाला ठाऊक नाही? आधीची पोरं जगली नाहीत की पुढच्या पोराला असं टाकाऊ नाव ठेवतात, म्हणजे मरणाला त्याचा मोह होत नाही. कोणाला उकिरड्यावर क्षणभर ठेवून उचलतात. मुलग्याचं नाक टोचून मुलगी म्हणून वाढवतात. आत्याला तर तिच्या आईनं पसाभर कोंड्याला सुइणीला विकली होती आणि पुन्हा परत घेतली होती. म्हणून ती कोंडा.

"व्हय," मी म्हटलं.

"मग आमी तोंडानं कशाला सांगायचं? ही पोरंच सांगत्यात की." आत्या उठून उभीच राहिली. "गेलेल्याचं नाव घ्यायचं न्हाई, ही आमची रीत. जित्याचं नाव घ्यायला कुणाची चोरी हाय?"

पाहा, ही युक्ती माझ्या विनोदातून निघाली. पण विंझरात एक माणूस मला त्याचं श्रेय देत नाही.

डॉक्टर एकदम सरळ बसला. आणि शिकलेला माणूस कशासाठी लागतो ते मला तेव्हा कळलं. तो म्हणाला, "कोंडाबाई, नुसती वरची पोरं नेऊन भागायचं नाही. ते म्हणतील, जंगली लोक, त्यांच्यात अशीच नावं ठेवायची पद्धत. खालची पोरं पण शेजारी उभी करा. त्याच वयाची, विंझरची. दोन्हीकडची नावं एका पाठोपाठ ऐकू द्या. रीत दोन्हीकडे एकच आहे. मरण एकसारखं नाही."

"खालची पोरं गेनू आनंल," आत्यानं परस्पर ठरवून टाकलं.

"आणि तरी ते हसले तर?" मी विचारलं. "मानसिंगराव बसणार समोर. त्यांना कोण सांगणार या नावांची रीत?"

असं म्हणताना माझ्याच डोक्यात एक गोष्ट आली आणि मी जीभ चावली. आत्याची नजर घारीची. "काय रं? काय गिळलंस?"

मी नाही नाही म्हणत होतो. पण माझ्या पोटात बातमी आणि पारूबाईच्या पोटात पोर, दोन्ही किती दिवस राहणार? माझी मावशी मानसिंगरावांच्या शेजारच्या घरी दिलेली. ती सांगायची की त्या वाड्यात आधीची लेकरं राहिली नव्हती, म्हणून या मुलाचं जन्मतःच नाक टोचलं, नथ घातली, परकर नेसवला आणि नथू म्हणून वाढवलं. मानसिंग हे नाव मागाहून, मिशा फुटायच्या बेताला आलं. उजव्या नाकपुडीवर भोकाची खूण अजून आहे. म्हणून तर राव सारखी तपकीर ओढतात आणि रुमाल नाकापासून हलवत नाहीत.

"आत्या, हे बोलायचं नाही हं," मी हात जोडले. "माझं दुकान उठवतील."

"म्या कशाला बोलू?" आत्या म्हणाली. ती असं म्हणाली की मला धडकी भरायची.

वैशाखाच्या अखेरीला पारूबाई बाळंत झाली. मुलगी. सुईण धोंडाबाई सुपात कोंडा घेऊन तयारच होती. पसाभर कोंडा द्यायचा, पोर इकत घ्यायची, दगडी किंवा शेणी नाव ठेवायचं. आत्यानं सूप बाजूला सारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "हिला म्या नाव ठेवनार ते चांगलं. आन् वर औशद आल्याबिगर ठेवनार न्हाई."

"अगं, बाराव्याला बारसं करावं लागतं!" धोंडाबाई म्हणाली.

"तर बारावा दिस वाट बगंल."

रायबा चिडला, सोनबा चिडले, पारूबाई रडली. बिननावाचं पोर घरात ठेवणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं. तिकडे आत्या ढिम्म. मला नंतर एकदाच म्हणाली, की वाईट नाव ठेवलं तर मीच कबूल केलं की ही पण जाणारच. तेवढं म्हणून तिनं चूल फुंकायला घेतली आणि धूर डोळ्यांत गेला असं दाखवलं.

ज्येष्ठात वेल्ह्याला मेंगाईच्या देवळाच्या मंडपात कमिटी बसली. लोड, तक्के, पानाचं तबक. मी विंझरची दहा-बारा पोरं हाकत नेली होती. प्रत्येकाला गुळाचा खडा कबूल करून. वरून रायबा, सोनबा आणि बायका पोरांना घेऊन उतरल्या होत्या. सोनबा येईनातच, पण आत्यानं त्यांना एवढंच सांगितलं होतं, "तुमी एक अक्षर बोलू नगा. उबं ऱ्हावा." न बोलण्याची अट असल्यावर ते आले.

आधी डॉक्टर बोलला. काय बोलला देव जाणे, मीही दोनदा जांभई दिली. खोऱ्यातल्या पोरांत शेकडा अमुक, डोंगरातल्यांत शेकडा तमुक. एक सभासद सुपारी कातरत होता, दुसरा कातरलेली खात होता.

मानसिंगराव रुमालाआडून म्हणाले, "डॉक्टर, तुमचे कष्ट आम्ही जाणतो. पण आम्ही वर जाऊन आलो. प्रत्येक जण बरं आहे म्हणाला. धनगराचं पोर पोटाळंच असतं, ती त्यांची ठेवण. आणि गाडी काही वर चढत नाही."

"सरकार," मागून आवाज आला. आत्या पुढे आली होती, पदर डोक्यावर घट्ट. "म्या वरची कोंडाबाई. माजं मागनं न्हाई. निस्ती ह्या पोरांची नावं इचारा. तुमच्या तोंडानं. मग आमी जातो."

सभासद एकमेकांकडे बघून हसले. मानसिंगरावांना वाटलं, देऊळ आहे, म्हातारी आहे, करू तेवढं. त्यांनी आधी विंझरच्या पोरांकडे बोट केलं.

"तुझं नाव काय रे?"

"आनंदा."

"तुझं?"

"कुंडलिक."

"सगुणा." "रामचंदर." "ठकूबाई." "कोंडिबा." त्यावर एक सभासद फिसकन हसला. "शिरपती." "रतन."

मग वरची रांग.

"तुझं?"

"केरू."

"तुझं?"

"दगडू."

"उकिरडा." "शेणू." सभासद आता मोकळे हसत होते. "भिका." "दगडाबाई." "कोंडू." "केराबाई." शेजारचा सभासद सुपारी ठेवून म्हणाला, "अहो, ही पोरं आहेत का सकाळची झाडलोट!" हाच विनोद मी केला होता. माझा जास्त चांगला जमला होता, पण त्या दिवशी मला तो कोणाच्या तोंडून ऐकवला नाही.

मानसिंगराव हसत नव्हते. त्यांनी पुढच्या पोराला विचारलं. ते अगदी लहान, नाकात चांदीची बारीक वाळी.

"तुझं काय नाव, पोरी?"

"म्या पोरगा हाय," ते पोर म्हणालं. "नथू."

मंडपात हशा झाला. मानसिंगरावांचा रुमाल नाकाशी थबकला.

सुपारीवाल्या सभासदानं मान हलवली, "काय तरी जात! यांच्यात रीतच नाही धड नाव ठेवायची."

"रीत आमचीच हाय असं न्हाई, सरकार," आत्या म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी पळालो असतो. "विंजरात बी हाय. त्यो कोंडिबा बगा, त्याच्या आईला इचारा. मोठ्या घरात बी हाय. तुमच्या आईसायबांस्नी इचारा, त्या सांगतील ही नावं कवा ठेवत्यात. विंजरात रांगंत एक सापडतो. आमच्या रांगंत एक बी सुटत न्हाई. आमी 'बरं हाय' म्हनालो, ते पाव्हन्याला म्हनालो. खरं इचारायचं आसंल तर ह्यांची नावं इचारा."

आणि तिनं स्वतःच्या नाकपुडीवरची घामाची धार पदरानं टिपली. नुसती टिपली. घाम ज्येष्ठात सगळ्यांनाच येतो. पण मी देवळाच्या खांबाआड झालो.

मानसिंगरावांनी रुमाल खाली घेतला. बराच वेळ ते त्या पोराच्या वाळीकडे बघत होते. सगळ्या मंडपाला त्यांच्या नाकपुडीवरची खूण दिसत होती आणि सगळा मंडप तुळईकडे बघत होता.

कारकुनाला मात्र काहीच कळलं नव्हतं. तो टाक सरसावून नथूच्या आईला म्हणाला, "बाई, याच्या आधीची किती गेली? लिहून घेतो."

त्या बाईनं पदर तोंडात कोंबला.

"तिला विचारू नका," मानसिंगराव म्हणाले. कारकून म्हणाला, साहेब, पुरावा. "मी सांगतो ना, विचारू नका! एकालाही विचारू नका. डॉक्टर, तुमचा तो कागद इकडे आणा. ते शेकडा का काय ते, पुन्हा सांगा. हळू सांगा."

डॉक्टर जवळ बसला आणि पुन्हा सांगू लागला, या खेपेला मराठीत. आणि पोट दाखवून. त्यानं उकिरड्याला उताणं झोपवलं आणि मानसिंगरावांचा हात धरून डाव्या बरगडीखाली ठेवला. मग विंझरच्या आनंदाला झोपवलं. आनंदाला गुदगुल्या झाल्या, तो हसू लागला. मानसिंगरावांनी पुन्हा उकिरड्याच्या पोटावर हात ठेवला आणि काढायचा विसरले.

तरी कमिटी ती कमिटी. सुपारीवाला म्हणाला, गाडी चढत नाही. दुसरा म्हणाला, डोंगराला दिलं तर खालच्या गावांना कमी पडेल. तिसरा म्हणाला, एकदा रांगा लागल्या की सगळे धनगरवाडे मागतील. "मागू द्यात की," आत्या म्हणाली, "तिथं बी पोरंच हायत."

"गाडीचं काय?"

"गाडी कुनी मागितली? आमी लोनी डोक्यावरनं खाली आनतो, औशद डोक्यावरनं वर न्हेऊ."

मानसिंगरावांनी हात वर केला. "बघू. करू काहीतरी."

सगळे उठायला लागले. आत्या खालीच बसली, मंडपाच्या वाटेत, मांडी घालून. माझ्या डोळ्यांसमोर पाटलांचा बैल आला.

"आता काय, बाई?"

"सरकार, 'बगू' ह्यो वार कंच्या पंचांगात असतो? मिरगाला ओढे भरत्यात. मिरगाच्या आदी कंचा वार, तेवडा सांगा. म्या उठते."

कोणी हसलं नाही. मानसिंगरावांनी एकदा तिच्याकडे, एकदा वाटेकडे पाहिलं. वाट एका वेळी एकालाच पुरणारी होती. "मंगळवारी," ते म्हणाले. कारकुनाला म्हणाले, "लिहा. धनगरवाड्यावर कोयनेलचा साठा मृगाच्या आधी पोचवावा. ओढे ओलांडता येतील तेव्हा डॉक्टरांनी दर आठवड्याला पायी जावं."

"कारण काय लिहू, साहेब?"

रावांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. "लिहा, डॉक्टरांच्या पाहणीवरून." खरंही होतं ते. नावांबद्दल कागदावर एक अक्षर आलं नाही आणि नाकाबद्दल तर मीही आज पहिल्यांदाच लिहितो आहे. मावशी गेली, राव गेले, दुकानही आता मुलाच्या नावावर आहे.

मंगळवारी रायबा, डॉक्टर आणि मी वर गेलो. कोयनेलच्या डब्याला वळवाच्या पावसाचं पाणी लागू नये म्हणून आत्यानं तो घोंगड्यात गुंडाळून दिला होता आणि स्वतः पुढे चालत होती, मागे वळून न बघता. कोयनेल म्हणजे कडू जहर. पोरं थुंकायची. डॉक्टरनं गुळातून दिलं तरी थुंकायची. शेवटी आत्यानं गोळी लोण्यात दाबून केरूच्या घशात घातली आणि त्याचं नाक धरलं. केरूनं गिळलं आणि असं काही बोंबलला की म्हशी उठल्या.

त्या वर्षीही ताप आलाच. औषधानं डोंगर काही बदलत नाही. सोनबा गेले, शेणू गेला. पण पोरं घोंगड्याखाली लपवायची पद्धत मोडली. कोणाला थंडी भरली की ते पोर आधी डब्याजवळ नेऊन बसवायचे. रायबाच्या मुलीलाही आश्विनात ताप भरला, डोळे फिरवले तिनं. तिला उतार पडला.

पण हे पुढचं. त्या मंगळवारी डबा सोनबांच्या देव्हाऱ्याखाली ठेवला आणि आत्या म्हणाली, "धोंडे, पाळना बांद." बारावा दिवस केव्हाच उलटला होता, सगळ्यांनी त्याकडे कानाडोळा केला. बायका जमल्या, घुगऱ्या शिजल्या. आत्यानं पोरीच्या कानात नाव सांगितलं आणि मग मोठ्यानं. रतन. बायका क्षणभर दचकल्या. त्या वस्तीत एवढं मोलाचं नाव उघड्यावर घेतलेलं कोणी ऐकलं नव्हतं. मग पारूबाईनंच पाळण्याला पहिला झोका दिला.

मी पाळण्याजवळ गेलो, रीतीप्रमाणे टोपडं ठेवायला. वाकलो तर पोरीच्या गालावर काजळाचा हा एवढा ठिपका, आणि पाळण्याखाली घोंगडीच्या टोकाला झाकलेलं सूप. सुपात पसाभर कोंडा.

"आत्या!" मी कुजबुजलो. "हे काय गं?"

तिनं पायानं सूप आणखी आत सारलं. "आसू दे. डाक्टरचं औशद वरनं राखंल, ह्यो खालनं." आणि मग माझा दंड चिमटीत धरून म्हणाली, "आन् गेन्या, कमिटीला सांगशील तर बग."